पडला तेव्हा कोण हसलं?

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे आणि माझी पहिलीच विनंती अशी, की माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बैलबाजारातला दलालही जितकं खोटं बोलला नसेल तितकं मी बोललो आहे. ‘शेवटचे दोन खेळ, चुकवू नका’ असं मी एकदा सलग अकरा दिवस ओरडलो. शब्द दुसऱ्याचे होते हे खरं, पण तोंड माझं होतं हेही तितकंच खरं.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकून, वळवून मला धोत्र्याच्या फुलासारखं तोंड दिलं, बाहेरून हिरवा रंग फासला आणि पाठीमागे आवाजाचा डबा आटे फिरवून बसवला. त्या डब्यातून दोन वायरी निघत आणि मशीनला जात. मशीन बॅटरीवर चाले, आणि मशीनला जोडलेल्या माईकमध्ये कुणी नुसतं खोकलं तरी चार शेतांपलीकडची बाई विचारी, ‘कोण आजारी हाय गं?’ सगळे मला भोंगा म्हणत. मला ते नाव आवडत नाही, पण नावं ठेवणाऱ्यांपुढे कुणाचं चाललं आहे!

एकोणीसशे अठ्ठावन्न साली नागूशेठनी मला विकत घेतलं. त्यांचं फिरतं टॉकीज होतं. भाताची कापणी झाली, खाचरं कोरडी पडली, की त्यात तंबू उभा राहायचा. कधी कशेळ्याला, कधी नेरळच्या बाजूला, कधी खालापूरकडे. पाऊस आला की तंबू गुंडाळायचा आणि आम्ही सगळे चार महिने गप्प. त्या चार महिन्यांत मला गंज चढू नये म्हणून मशीन चालवणारे अबूबकर, म्हणजे आमचे अबूभाई, मला जुन्या लुंगीत बांधून आपल्या घरी चुलीवरच्या आढ्याला टांगत. दिवाळीनंतर घासलेटच्या बोळ्याने माझं तोंड पुसत. इतक्या मायेने तर कुणी आपल्या पोराचंही तोंड पुसत नसेल.

तिसरा माणूस गजा. तो माईकवर बोलायचा. सकाळी मला बैलगाडीवर बांधायचं आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन ओरडायचं हे त्याचं काम. गजाची जीभ अशी, की तो वरणाला बासुंदी म्हणून खपवील.

संध्याकाळी मला तंबूच्या दारातल्या बांबूवर चढवत. खेळ सुरू होईपर्यंत गाणी वाजवायची, मग मी मुका. म्हणजे एवढ्या वर्षांत मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. मी फक्त ऐकला, आणि सिनेमापेक्षा जास्त ऐकले ते पाहणारे लोक. कापडाच्या पलीकडून ऐकलेलं हसू फसवत नाही. पोटातून आलेलं हसू वेगळं, शेजाऱ्याला दाखवायला हसलेलं वेगळं आणि पुढचा हसला म्हणून मागच्याने हसलेलं तर अगदीच वेगळं. मला तिन्ही ओळखता येत. म्हणूनच मी संशयी झालो.

संशयाला आणखी एक कारण होतं. नागूशेठची एक पद्धत होती, तिला ते ‘पाहिलेल्यांचे बोल’ म्हणत. नवा सिनेमा लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशी तो पाहिलेल्या चारपाच माणसांना गाडीवर चढवायचं आणि माईकवर विचारायचं, ‘बोला, कसा वाटला?’ बोलणाऱ्याला चहा-भजी आणि पुढच्या एका खेळाचा फुकट पास. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, भज्याचा घास तोंडात असताना कोण वाईट बोलेल? आदल्या संध्याकाळी तंबूत घोरणारा माणूस सकाळी माझ्यातून सांगायचा, ‘डोल्याला डोला लागला नाय!’ ते शब्द मी चारी दिशांना फेकायचो आणि आतल्या आत चरफडायचो.

अशीच दहाअकरा वर्षं गेली, आणि एका माघ महिन्यात कशेळ्याच्या तंबूत ‘उजेडाचा धनी’ हा सिनेमा आला.

सिनेमा एका निरंजनबुवांचा होता. बुवा गावकुसाबाहेरच्या रोग्यांची सेवा करतात, म्हणून गावातली बडी मंडळी त्यांना देवळाच्या पायऱ्यांवरून ढकलून देतात. बुवा उठतात आणि ढकलणाऱ्याच्याच पाया पडतात. अशी गोष्ट ऐकली की आमच्याकडच्या बायका तंबूबाहेर चपला काढूनच आत शिरायच्या. पण या वेळी चपला निघेनात, कारण बुवांचं काम केलं होतं हिरूने.

हिरू आमच्या कशेळ्याजवळच्याच एका वाडीतला. लहानपणी गणपतीतल्या नाचात सोंग घ्यायचा, तिथून कुणाच्या तरी ओळखीने मुंबईला गेला आणि सिनेमात विनोदी नट झाला. त्याचा विनोद एकच, पडणं. खुर्ची ओढली की हा पडला, केळ्याच्या सालीवर पडला, बायकोने ढकलला की पडला. त्याच्या इतका झकास कुणीच पडत नसे. तो पडला की माझ्याखालचा बांबूसुद्धा लोकांच्या हसण्याने हलायचा.

त्याची आई मोतीबाई कशेळ्याच्या बाजारात कडवे वाल विकायला बसे. शेजारणी प्रेमानेच म्हणायच्या, ‘‘मोते, तुजा हिरू काल पुन्ना आपटला गं!’’ ती हसून माप भरायची. तिने मुलाचा एकच सिनेमा पाहायचा प्रयत्न केला होता. तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा ती उठून बाहेर आली आणि माझ्या बांबूला टेकून बसली. त्यानंतर ती तंबूत गेली नव्हती.

‘उजेडाचा धनी’चा पहिला खेळ होता त्या दुपारी ती अबूभाईंकडे एक पत्र घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. अबूभाई माझं तोंड पुसत होते. हात झटकून त्यांनी पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं, म्हणून मलाही ते कळलं.

‘‘आये, या पिच्चरात मी बुवा झालोय. पडायचं एकदाच आहे, देवळाच्या पायऱ्यांवरून. तिथं लोक हसतात का, तेवढं बघून खरं कळव. इथं सगळे तोंडावर गोड बोलतात, कुणाचं खरं धरावं समजत नाही. लोक हसले नाहीत तर असलंच दुसरं काम मिळतंय. हसले तर परत पडायचीच कामं. डॉक्टर म्हणतो, अशी आणखी दोन वर्षं पडलास तर कंबर कायमची जाईल.’’

अबूभाईंनी पत्राची घडी करून तिला परत दिलं.

मोतीबाई म्हणाली, ‘‘अबूभाय, मी आत नाय जानार. मना... माज्याच्यानं नाय बघवनार. इथंच बसून आयकते.’’

ती दिवेलागणीला माझ्याखाली येऊन बसली. ती खाली, मी वर, आणि दोघांचेही कान तंबूच्या कापडाला लागलेले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच सोबतीण मिळाली होती.

तंबू गच्च भरला होता. बुवांच्या वेषात हिरू पहिल्यांदा दिसला असेल तेव्हा आत खसखस पिकली. लोक वाट पाहत होते. बुवांनी रोग्याला पाणी पाजलं, कुणीतरी ओरडलं, ‘‘आता सांडनार बघ!’’ सांडलं नाही. बुवा ध्यानाला बसले. ‘‘आता पाट वडतील खालचा!’’ कुणी पाट ओढला नाही. लोकांचा धीर सुटत चालला. ‘‘ह्याच्यात कायतरी डाव हाय, हा पुढं हसवनार,’’ असं एकजण खात्रीने सांगत होता. आणि मग पायऱ्या आल्या. धप, धप, धप, असे तीन आवाज मला ऐकू आले. पुढचं काही ऐकूच आलं नाही, इतका तंबू हसला. सगळ्यांत मोठं हसू जैतूचं होतं. जैतू बैलांना नाल ठोकायचा, आणि त्याचं हसू घणासारखंच पडायचं.

खाली मोतीबाई पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पाहिलेल्यांचे बोल’ झाले. जैतू पहिला गाडीवर चढला. भजं गिळून म्हणाला, ‘‘लय झ्याक! डोल्यांत पानी आलं!’’ दुसरा म्हणाला, ‘‘साक्षात बुवा!’’ ही तीच माणसं, मित्रांनो! रात्री ज्यांनी पोट धरलं होतं त्यांच्याच डोळ्यांत सकाळी पाणी! मी ते सारं जसंच्या तसं ओरडलो. त्या संध्याकाळचा तंबूही भरला, आणि त्या संध्याकाळीही मला तीनच पायऱ्या ऐकू आल्या.

मला लोकांचा भयंकर राग आला होता. मनात म्हटलं, हे लोक असेच, यांना एखाद्याला पडताना पाहायचीच गोडी. यांच्या बोलण्यावर विश्वास नको आणि हसण्यावर तर नकोच नको.

तिसरा दिवस बाजाराचा होता. गाडी बाजाराच्या तोंडाशी उभी होती. गजाला मोतीबाई वालांच्या पाट्यांमागे दिसली आणि त्याला चेव चढला. ‘‘लोकहो, पाहिलेल्यांचे बोल पुष्कळ ऐकलेत! आता ऐका खुद्द कलाकाराच्या मातोश्रींचे बोल!’’ दोघातिघांनी तिला गाडीपाशी आणली. गजाने वाकून माईक तिच्या तोंडाशी धरला. सगळा बाजार थांबला. मासळीवालीने टोपली खाली ठेवली.

मोतीबाईने माईककडे पाहिलंच नाही. तिने गजाकडे पाहिलं.

‘‘गजा, परवा आमच्या वाडीच्या वाटंवर हा भोंगा काय वरडत व्हता रं?’’

तिचा आवाज माझ्यातून बाजारभर गेला. गजा गोंधळला. ‘‘काय म्हंजे? जाहिरात, मोतीबाय.’’

‘‘‘पोट धरून हसा, हिरू आपटला पाहा.’ आसंच ना? गाडीच्या पाटीवर बुवांचं चित्र, आन भोंग्यात हसायला या. तूच हसायला बोलावलंस लोकान्ला. मग ती हसनार नाय तर काय रडनार?’’

मित्रांनो, ही गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली नव्हती. विसरलो नव्हतो, मुद्दामच सांगितली नव्हती. पहिले दोन्ही दिवस, ‘बोल’ संपल्यावरसुद्धा, गावाच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांवर मीच ओरडलो होतो: पोट धरून हसा. गजाला वाटलं होतं, हिरूचा सिनेमा म्हणून लोक हसायला येतील, बुवा बघायला कोण येणार? नागूशेठनी विचारलं नाही आणि मी नेहमीप्रमाणे ओरडलो. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मला स्वतःचा संशय कधी आला नव्हता. सुरुवातीलाच म्हटलं होतं ना, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका?

नागूशेठ धावत आले. ‘‘मोतीबाय, झालं ते झालं. तू सांग, आता काय वरडायचं?’’

‘‘काय बी नको. नुसतं नाव सांगा. हसा नको, रडा नको.’’

‘‘नुसत्या नावावर कोन येतंय?’’

‘‘जो येल तो येल.’’

ती परत पाट्यांमागे जाऊन बसली. शेठनी गजाकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी गजाने माझ्यातून फक्त एवढंच सांगितलं, ‘उजेडाचा धनी, कशेळ्याच्या तंबूत, दिवेलागणीला.’ प्रत्येक वाडीवर एवढं बोलून तो ओठ चावायचा. जीभ नुसती वळवळत असणार बिचाऱ्याची.

संध्याकाळी तंबू निम्माही भरला नाही. नागूशेठ दारात येरझाऱ्या घालत होते. आलेल्यांत जैतू होता, कारण त्याच्याकडे फुकटचा पास होता. आणि खेळ सुरू व्हायच्या अगदी तोंडावर मोतीबाई आली. या वेळी ती माझ्याखाली बसली नाही. तिने दारात चपला काढल्या आणि आत गेली. मला फार एकटं वाटलं.

बुवा आले. कुणी हसलं नाही, कुणी ‘वा’ही म्हटलं नाही. लोक खोकत होते, लहान मूल कुरकुरत होतं, बुवा रोग्याला पाणी पाजत होते. हळूहळू खोकणं थांबलं. मग पायऱ्या आल्या.

धप. धप. धप. पहिल्या तीन मला ठाऊक होत्या. पण त्या संध्याकाळी मी चौथी ऐकली. मग पाचवी. सहावी. सातवी. त्या देवळाला सात पायऱ्या होत्या, मित्रांनो, आणि दोन दिवस चार पायऱ्या हसण्याखाली बुडाल्या होत्या. सातवीनंतर तंबूत काहीच आवाज नव्हता. मी थांबलो होतो, आता हसतील, आता हसतील.

तेवढ्यात अंधारातून एक घोगरा आवाज आला, ‘‘आरं, उचला रं कोनी त्याला!’’

तो जैतू होता.

माझा स्वभाव गेला नव्हता. मला लगेच वाटलं, शेठनी याला पढवला असेल, कालची भजी अजून बोलताहेत. म्हणून मी नीट कान दिला. जैतू नाक ओढत होता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. तसलं पास देऊन करवून घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गजा त्याला गाडीवर चढवायला गेला तर तो चढेना. ‘‘भोंग्यात नको. भोंग्यात बोललं की खोटं वाटतं.’’ हे मला फार लागलं, पण त्याचं चुकलं नव्हतं. तो गाडीच्या चाकाशी उभ्या असलेल्या मोतीबाईला म्हणाला, ‘‘पयल्या दिशी मी हसायला आल्तो, हसून घेतलं. घरी गेलो तर भाकर ग्वाड लागंना. म्हटलं, आपून कुनाला हसलो? काल बघितलं तवा कललं. तुला सांगायचं व्हतं.’’ आणि भजी न खाता निघून गेला.

मग मोतीबाईने अबूभाईंना पत्र लिहायला बसवलं.

‘‘लिवा. हिरू, पयले दोन दिस लोक हसले. लय हसले.’’

अबूभाईंनी पेन थांबवलं. ‘‘हे कशाला लिवायचं, मोतीबाय? शेवटी हसले नाय ना, तेवढंच लिवू. पोराला बरं वाटंल.’’

‘‘लिवा,’’ ती म्हणाली. ‘‘भोंग्यानं हसायला बोलावलं व्हतं म्हनून हसले. तिसऱ्या दिशी भोंगा गप व्हता. तवा कोन हसला नाय. नालवाला जैतू वरडला, उचला रं त्याला. आन लिवा, मी तुला बघायला गेल्ते, पन तू दिसलाच नाय, बुवाच दिसला. फकस्त सातव्या पायरीवर तू कमरंला हात लावलास. तो हात बुवांचा नव्हता. तो तुजा व्हता, मी वलखला.’’

अबूभाईंनी खाली तिचं नाव लिहिलं आणि पत्राची घडी घातली.

आता माझं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण शेवट मला माझ्यावर करायचा नाही. गावोगाव व्हिडिओ आले, तंबूत माणसं येईनाशी झाली. नागूशेठनी सामान विकलं. मशीन गेलं, बॅटरी गेली, माझ्या पाठीवरचा डबा कुणी काढून नेला. अबूभाई वारल्यावर मला आढ्याला टांगणारं कुणी राहिलं नाही. आज मी खालापूरच्या एका भंगाराच्या दुकानात सायकलच्या चाकांखाली पडलो आहे. रंग उडाला, काठाला गंजाने भोकं पडली. परवा दोन माणसं येऊन मला उलटंसुलटं करून गेली. निवडणुका जवळ आल्यात म्हणे. मला त्यांचा संशय येतो.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा जुना कर्णा कुठे दिसला तर त्याला पावसात टाकू नका, कोरड्या बोळ्याने पुसा, एवढंच म्हणणार होतो. पण पुसण्यापेक्षाही एक गोष्ट करा. त्याच्यात बोलायच्या आधी ते वाक्य एकदा साध्या आवाजात, समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोलून पाहा. तसं बोलता आलं नाही, तर कर्ण्यातूनही बोलू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही हो. आम्ही दोन गावांत हसायला बोलावतो, आणि तिसऱ्या गावात कुणाची तरी कंबर मोडते.

तर, हिरूचं उत्तर.

ते होळीच्या आसपास आलं. आम्ही तेव्हाही कशेळ्यालाच होतो. मोतीबाई वालांची पाटी तशीच डोक्यावर घेऊन आली, पाटी उतरवायलाही थांबली नाही. अबूभाईंनी पत्र फोडलं आणि वाचलं.

‘‘आये, तुझं पत्र वाचायच्या आधी मनात म्हटलं, आई आहे, गोडच लिहिणार. पण तू हसले ते आधी लिहिलंस. म्हणून न हसल्याचं खरं वाटलं. जैतूकाकाला नमस्कार सांग. कमरेचा हात तुला दिसला, इथं कुणालाच दिसला नव्हता. दुसऱ्या कामाला मी हो म्हटलंय. म्हाताऱ्या गुरुजींचं काम आहे. त्यात पडायचं नाही, सगळा वेळ ओसरीवर बसायचं आहे.’’

मोतीबाईने हळूच पाटी खाली ठेवली. मग अबूभाईंना म्हणाली,

‘‘लिवा त्याला. बस म्हनावं. निवांत बस.’’